लेकीला पायलट व्हायचंय: बारामती, फिनिक्स की कॅडेट?

सहकारनगरकर | १८ मे, रात्री ११:२०

मंडळी, सल्ला हवाय. जरा लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

लेक यंदा बारावी झाली. फिजिक्स-गणित होतं, ७८ टक्के. सीईटी दिलीय, पण ती आमच्या समाधानासाठी. तिला विमान चालवायचंय. आठवीपासून म्हणतेय आणि आम्ही ‘बघू’ म्हणत चार वर्षं काढली. आता ‘बघू’ची मुदत संपली.

परवा जंगली महाराज रस्त्यावर एका हॉटेलात फुकट सेमिनार होता म्हणून गेलो. सूटबूट घातलेल्या एका तरुणाने पडद्यावर आकडे दाखवले. २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० विमानं मागवली, इंडिगोने ५००, आता ती चालवणार कोण, तर तुमचीच मुलं. मग समोसा. समोशानंतर ‘आजच्या आज सीट बुक केली तर दोन लाख सूट’. दोन लाखांची सूट ऐकली आणि मी खुर्चीखाली पायानेच चपला चाचपायला लागलो.

घरी येऊन कागदावर मांडलं. इथल्याच, बारामतीसारख्या फ्लाइंग स्कूलमध्ये कमर्शियल पायलटचं लायसन्स, म्हणजे सीपीएल, काढायचं तर पन्नास-साठ लाख सांगतात. अमेरिकेत अॅरिझोनातल्या फिनिक्सच्या बाजूला पाठवलं तर राहणं-खाणं धरून त्याच्याही पुढे जातं, पण ‘वर्षात परत’ म्हणतात. नाहीतर एखाद्या एअरलाइनचा कॅडेट प्रोग्राम. तो कोटीच्या वर, पण शेवटी नोकरी.

मी महावितरणमध्ये, बायको शाळेत. धनकवडीला एक वन बीएचके आहे, त्याचं कर्ज फिटलंय. एवढंच भांडवल. तीनपैकी कोणता रस्ता धरावा?

मेतकूट_भात | १८ मे, रात्री ११:४१

काका, शीर्षक वाचून वाटलं लेक विमाननगरच्या फिनिक्स मॉलमध्ये कामाला लागतेय. माफ करा. जाणकार येतीलच, मी वाचतोय.

उजवी_सीट | १९ मे, पहाटे ४:५५

सहाच्या फ्लाइटला निघालोय, त्यामुळे गाडीत बसून लिहितोय. (चालवत नाहीये, कॅब आहे.) एअरबस ए३२० वर फर्स्ट ऑफिसर, म्हणजे सहवैमानिक आहे, चौथं वर्ष. घर चिंचवडला.

काका, तुम्ही तिसरा प्रश्न पहिला विचारताय. पहिला प्रश्न मेडिकलचा. कुठेही एक रुपया भरायच्या आधी डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या, यादीतल्या डॉक्टरकडे क्लास टू ही पहिली तपासणी करून घ्या, फाइल नंबर मिळाला की लगेच क्लास वन, कमर्शियलला तीच लागते. चष्मा असला तरी बहुतेकदा अडत नाही. रंग ओळखण्यात गडबड असेल, कानात काही असेल, ईसीजीत काही निघालं तर ते आत्ता कळू दे. माझ्या बॅचच्या एका मुलाने बत्तीस लाख भरले, साठ तास उड्डाण केलं आणि क्लास वनला अडकला. त्या बत्तीसमधले किती परत आले ते मी त्याला आजवर विचारू शकलेलो नाही.

दुसरा प्रश्न लेखी परीक्षांचा. नॅव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स, टेक्निकल जनरल आणि टेक्निकल स्पेसिफिक, प्रत्येकात ७० टक्के लागतात. शिवाय रेडिओवर बोलायची आरटीआर. टेक्निकल स्पेसिफिक कोणत्या विमानावर शिकणार त्यावर ठरतो, तो मागाहून दिला तरी चालतं. बाकीचे पेपर पुण्यात राहून, ग्राउंड क्लास लावून किंवा घरी बसून देता येतात. ज्याचे पेपर झालेत तो फ्लाइंग स्कूलमध्ये फक्त उडतो. ज्याचे राहिलेत तो सकाळी उडतो, दुपारी झोपतो, रात्री पुस्तक उघडून रडतो.

म्हणजे पहिल्या सहा-आठ महिन्यांचा खर्च दोन-तीन लाखांत बसतो. मुलगी तेवढ्यात टिकली तर फिनिक्स-बारामतीचं बोलू. बाकीचं लँड झाल्यावर लिहितो.

शनवारातली | १९ मे, सकाळी १०:१५

उजव्या सीटला +१, फक्त एक भर. परीक्षेला बसायला डीजीसीएचा कॉम्प्युटर नंबर लागतो, आणि त्यासाठी दहावी-बारावीच्या गुणपत्रिकांची बोर्डाकडून पडताळणी. आपल्याकडे गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. पासपोर्टवर क्रम उलटा. त्यात कुणाच्या ‘श्री’ला एक अक्षर कमी, कुणाला जास्त. आत्ताच सगळे कागद एका नावावर आणा. शिवाजीनगरला बोर्डाच्या ऑफिसात माझ्या चार खेपा झाल्या होत्या, चौथ्या खेपेला तिथल्या बाईंनी चहा विचारला.

मी अमेरिकेतून केलंय, अॅरिझोनातूनच. त्यावर संध्याकाळी सविस्तर लिहिते. सेमिनारवाल्याने जे सांगितलं नसणार ते.

लोहगाव_१०_२८ | १९ मे, दुपारी १२:०२

नमस्कार. मी वायुदलातून निवृत्त झालो आहे. कन्येचे वय साडेएकोणिसाच्या आत असेल तर एनडीए हा मार्ग यादीत का नाही, असे विचारतो. खडकवासल्यात २०२२ पासून मुलींना प्रवेश आहे, पहिल्या सतरा जणी मे २०२५ मध्ये संचलन करून बाहेर पडल्या. खर्च जवळपास शून्य, उलट शेवटच्या टप्प्यात विद्यावेतन.

शनवारातली | १९ मे, दुपारी १२:२०

सर, आदर ठेवून सांगते, वायुदल हा एअरलाइन पायलट व्हायचा ‘स्वस्त मार्ग’ नव्हे. तिथे जायचं तर वायुदलासाठीच जावं. फायटर मिळेल की ट्रान्सपोर्ट, की ग्राउंड ब्रँच, हे आपण ठरवत नाही, आणि बाहेर कधी पडायचं तेही नाही.

लोहगाव_१०_२८ | १९ मे, दुपारी १२:४४

अगदी बरोबर. म्हणूनच ‘विचारतो’ असे लिहिले. तिला गणवेश हवा आहे की विमान, एवढेच तिला विचारा. दोन्हीही चालेल, पण उत्तर ठाऊक हवे.

आणखी एक. हडपसरला डीजीसीएचे ग्लायडिंग सेंटर आहे. सध्या राइड देत आहेत का ते आधी विचारून घ्या आणि देत असतील तर तिला एकदा नेऊन आणा. विंचने दोर ओढला की ग्लायडर नाक वर करून चढते, मग दोर सुटतो आणि एकदम शांतता. त्या शांततेत पोटात गोळा येतो की हसू फुटते ते पाहा.

उजवी_सीट | १९ मे, सायंकाळी ५:३०

लँड झालो. आता भारतातल्या फ्लाइंग स्कूलबद्दल.

पुण्यात शहरात काही नाही, लोहगाव वायुदलाचं. सुखोई आणि प्रवासी विमानांच्या रांगेत शिकाऊ सेसना कुठे घुसणार? जवळ म्हणजे बारामती. मग धुळे, शिरपूर, नागपूर, गोंदिया. महाराष्ट्राबाहेर रायबरेलीजवळ फुरसतगंजची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी. ती सरकारी आहे, तिची स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते, ती तिने द्यावीच.

सीपीएलला २०० तास लागतात. त्यातले १०० तास पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानात जबाबदार आपणच. एक ३०० नॉटिकल मैलांची फेरी, वाटेत दोन वेगळ्या धावपट्ट्यांवर पूर्ण थांबून. थोडं रात्रीचं, थोडं फक्त उपकरणांवर बघून. ही बेरीज सगळीकडे सारखीच आहे. फरक पडतो तो हे २०० तास किती महिन्यांत मिळतात त्याने.

फी विचारू नका, विमानं मोजा. ब्रोशरमध्ये दहा असतात, हँगरमध्ये चार उघडी पडलेली, दोघांची चाकं काढलेली. उडणारी चार समजा. एक विमान दिवसाला पाच तास उडतं, महिन्यात बावीस दिवस धरा. झाले ४४० तास. विद्यार्थी साठ असतील तर डोक्यामागे सात-साडेसात तास. २०० तासांना भागा: सत्तावीस महिने. तेही पाऊस न धरता. जून ते सप्टेंबर आपल्याकडे ढग खाली उतरले की शिकाऊ उड्डाणं बंद, पोरं हॉस्टेलात पत्ते खेळतात. त्यात ठरावीक तासांनी विमान देखभालीला जातं आणि इन्स्ट्रक्टर चांगली नोकरी मिळाली की निघून जातो.

माझं लायसन्स विदर्भातल्या एका ठिकाणी झालं. ‘चौदा महिने’ म्हणाले होते, सव्वीस लागले. फी वाढली नाही, पण बारा महिन्यांची मेस आणि खोली कुणी भरली? बाबांनी.

तेव्हा स्वतः जाऊन बघा. ऑफिसात बसू नका, टपरीवर बसा. तिथल्या पोरांना विचारा, ‘गेल्या महिन्यात तुझे किती तास झाले?’ बाकी काही विचारायची गरज पडत नाही.

मेतकूट_भात | १९ मे, सायंकाळी ५:५२

हे सत्तावीस महिन्यांचं गणित मी प्रिंट काढून फ्रिजवर लावणार आहे, आणि मला पायलट व्हायचं नाहीये.

सौ_सहकारनगरकर | १९ मे, रात्री ९:१०

नमस्कार, यांचा धागा वाचला आणि वेगळं खातं उघडलं, कारण हे विचारणार नाहीत. सुरक्षिततेचं काय? २०२३ च्या ऑक्टोबरात बारामतीला चार दिवसांत दोन शिकाऊ विमानं पडली होती, हे मला आठवतंय. अहमदाबादचं तर बोलायलाच नको. मी ‘नको’ म्हणत नाहीये. पण आई म्हणून कुठे काय बघू ते सांगा.

उजवी_सीट | १९ मे, रात्री १०:०५

काकू, अगदी योग्य प्रश्न. त्या दोन अपघातांनंतर त्या संस्थेचं प्रशिक्षण डीजीसीएने थांबवलं होतं. आता डीजीसीए फ्लाइंग स्कूलना श्रेणी देते, पहिली यादी ऑक्टोबर २०२५ मध्ये आली. वरच्या दोन श्रेणींत एकही संस्था बसली नाही, हे मुद्दाम सांगतो. ती यादी बघा.

आणि शाळेला एक प्रश्न विचारा: ‘एखादी मुलगी म्हणाली, आज वारा जास्त आहे, मी उडत नाही, तर काय होतं?’ तिचा नंबर दोन आठवड्यांनी लागतो असं पोरं म्हणाली तर ती जागा सोडा. नंबर जाईल या भीतीनेच माणूस नको त्या हवेत वर जातो.

शनवारातली | १९ मे, रात्री ११:३०

कबूल केल्याप्रमाणे, अमेरिका.

चांगलं आधी. विमानं भरपूर, आकाश निरभ्र. फिनिक्सच्या बाजूला उन्हाळ्यात पारा पंचेचाळीसवर जातो, म्हणून पहाटे पाचला उडायचं, पण उडायचं म्हणजे उडायचंच. माझे तास अकरा महिन्यांत झाले. रेडिओवर चारी बाजूंनी माणसं बोलत असतात, त्यामुळे कान तयार होतो. परत आल्यावर मुंबईच्या गर्दीत मला कधी दडपण आलं नाही.

आता सेमिनारमध्ये न सांगितलेलं. तिथलं लायसन्स घेऊन इथे एअरलाइनमध्ये बसता येत नाही, ते डीजीसीएच्या लायसन्समध्ये बदलून घ्यावं लागतं. त्यासाठी इथले पेपर, आरटीआर, मेडिकल, उड्डाणाची चाचणी, आणि सगळ्या तासांचा डीजीसीएच्या साच्यात हिशेब. तिथल्या इन्स्ट्रक्टरला आपला साचा माहीत नसतो आणि त्याला त्याचं देणंघेणंही नसतं. माझ्याबरोबरच्या एकाची ‘तीनशे मैलांची’ फेरी इथे मोजल्यावर २९२ भरली. आठ मैलांसाठी पठ्ठ्याने इथे येऊन पुन्हा विमान भाड्याने घेतलं. लॉगबुकचा प्रत्येक रकाना आपणच राखायचा.

मला हे बदलून घ्यायला आठ महिने लागले. अकरा अधिक आठ, किती झाले?

शिवाय डॉलर. मी गेले तेव्हा एक भाव होता, शेवटचा हप्ता भरताना दुसरा. बाबांनी रोज सकाळी पेपरात आधी डॉलर आणि मग मृत्युवार्ता बघायची सवय लावून घेतली होती. आणि तिथली उड्डाणाची चाचणी टक्केवारीने पास होत नाही. परीक्षकाने एका फेरीत नापास केलं की पुन्हा विमानाचे, इन्स्ट्रक्टरचे आणि त्याचे पैसे भरा. हे ‘पॅकेज’मध्ये नसतं.

तरी पुन्हा निवडायचं झालं तर मी तेच निवडीन, पण लागणारे सगळे पेपर इथे उरकून जाईन. मी तीन ठेवून गेले होते, तो माझा गाढवपणा.

कर्जखाते | २० मे, सकाळी ८:३०

सहकारनगरकर, मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत शैक्षणिक कर्जं बघतो. कोरडे आकडे देतो.

साडेसात लाखांच्या वर कर्ज हवं तर तारण लागतं. तुमची धनकवडीची सदनिका तारण जाईल. ७० लाख, साडेदहा टक्के, दहा वर्षं धरलं तर हप्ता साधारण ९४,५०० रुपये. हप्ता सुरू होण्याआधीच्या काळातही व्याज चढत राहतं. पूर्ण रक्कम उचलली असेल तर ते महिन्याला ६१ हजारांच्या आसपास. म्हणून रक्कम टप्प्याटप्प्याने उचला. फ्लाइंग स्कूल ‘एकरकमी भरा, सूट देतो’ म्हणतं तेव्हा तुमचं व्याज वाढतं आणि तुमच्या हातातली लगाम जाते. तास झाले तेवढे पैसे, असा करार मिळत असेल तर सूट सोडा. व्याजावर आयकरात वजावट आहे, पण जुन्या करपद्धतीत.

शेवटचं, बँकेचा माणूस म्हणून नव्हे: लायसन्स मिळालं आणि नोकरी लागली यांच्यामधले महिने तुमच्या कागदावर नाहीत. ते मांडा.

अवकाळी | २० मे, सकाळी ९:१५

कर्जखाते यांनी नेमकं दुखणं धरलंय. त्या मधल्या महिन्यांत मी राहतो.

२०१९ चा एप्रिल. हातात नवंकोरं सीपीएल आणि खिशातून वीस लाख घालून केलेलं बोइंग ७३७ चं टाइप रेटिंग, म्हणजे त्या एका प्रकारचं विमान चालवायची मान्यता. त्याच महिन्यात जेट एअरवेज जमिनीवर बसली. हजारो तासांचे अनुभवी ७३७ वाले बाजारात आले, माझ्यासारख्या दोनशे तासांच्या पोराला कोण विचारतंय? वर्ष काढलं, तर २०२० चा मार्च. मेडिकल दर वर्षी, उपकरणांवर उडवायचं इन्स्ट्रुमेंट रेटिंग दर वर्षी, सिम्युलेटरवर सराव. लायसन्स कपाटात ठेवलं तरी ते जेवायला मागतं. २०२१ मध्ये मी ताट उचललं. आता हिंजवडीत आहे, फेज टू, रोज दीड तास ट्रॅफिकमध्ये टॅक्सी करत असतो.

२०१२ ला किंगफिशर, २०१९ ला जेट, २०२३ ला गो फर्स्ट. दर वेळी सेमिनारमध्ये समोसे तसेच गरम होते. २०२३ मध्ये डीजीसीएने १,६२२ सीपीएल दिली. विमानं मागवली ९७०, पण ती येणार दहा-बारा वर्षांत, एका दिवशी नव्हे. काका, फ्लॅट गहाण टाकू नका.

कॅडेटची_आई | २० मे, सकाळी ११:००

म्हणूनच आम्ही कॅडेट घेतलं. मुलगा दीड वर्षापासून आहे. प्रवेशालाच चाळणी लागते, गणित-भौतिक, संगणकावर हात-डोळ्यांच्या ताळमेळाची चाचणी, मग मुलाखत. एअरलाइनच्या पद्धतीने शिस्त पहिल्या दिवसापासून. ए३२० चं टाइप रेटिंग त्यातच. वेगळं धावत बसावं लागत नाही. अमरावतीला बेलोऱ्यातही एअर इंडियाची अकादमी जाहीर झालीय, वर्षाला १८० वैमानिकांची. पैसे जास्त, कबूल. पण नोकरी निश्चित.

अवकाळी | २० मे, सकाळी ११:१२

ताई, ‘निश्चित’ हा शब्द करारात कुठल्या पानावर आहे?

कॅडेटची_आई | २० मे, सकाळी ११:४०

तिरकस बोलायची गरज नाही.

अवकाळी | २० मे, सकाळी ११:४८

तिरकस नाही, खरंच विचारतोय. माझ्या मावसभावाच्या पत्रात ‘सर्व टप्पे उत्तीर्ण झाल्यास आणि कंपनीच्या गरजेनुसार’ असं होतं. तो उत्तीर्ण झाला. गरज अकरा महिन्यांनी झाली.

कॅडेटची_आई | २० मे, रात्री १०:३०

करार काढून वाचला. तसंच वाक्य आमच्यातही आहे. मिस्टरांनी तेव्हा वाचलं होतं म्हणे, मला सांगितलं नव्हतं. असो. तरीही शिक्षणाचा दर्जा चांगला आहे, यावर मी ठाम आहे.

उजवी_सीट | २१ मे, दुपारी ३:१५

दोघंही बरोबर आहात. कॅडेटमध्ये रांगेत पुढची जागा मिळते, पण खिडकी उघडायची की नाही ते एअरलाइनच ठरवते. आणि सगळं एकाच टोपलीत: फी, शिक्षण, टाइप रेटिंग, नोकरी. त्या कंपनीने भरती थांबवली तर बाहेर पडून दुसरीकडे जाता येईल का, पैसे कुठवर परत मिळतील, हे करारात शोधा. वकिलाला दाखवा, पाच-दहा हजार जातील.

अवकाळी, तुझं ऐकून वाईट वाटलं. पण एक दुरुस्ती. तुझी चूक सीपीएल नव्हती, नोकरीचं पत्र हातात नसताना स्वतःच्या खर्चाने टाइप रेटिंग करणं ही होती. कोणतं विमान चालवायला मिळणार हे माहीत नसताना वीस लाख त्यात घालू नयेत. आणि वारं फिरतंही. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर २०२५ च्या डिसेंबरात माणसं कमी पडून हजारो फ्लाइट रद्द झाल्या, ते सगळ्यांनी पाहिलंय.

अवकाळी | २१ मे, दुपारी ३:४०

मान्य. डिसेंबरात मीही पुणे विमानतळावर अडकलो होतो, प्रवासी म्हणून. काउंटरवरची मुलगी म्हणाली, ‘सर, पायलट नाहीयेत.’ मी काही बोललो नाही.

मेतकूट_भात | २१ मे, दुपारी ३:४४

…

वैमानिक_व्हायचंय | २१ मे, रात्री ८:००

नमस्कार. मी ती लेक. बाबांनी धागा काढलाय हे मला आईकडून कळलं.

बाबांनी काही गोष्टी लिहिल्या नाहीत. फुरसतगंजचा फॉर्म मी बघून ठेवलाय. पासपोर्टवरचं नाव आणि गुणपत्रिकेवरचं नाव सारखं आहे, मी दहावीतच दुरुस्त करून घेतलं होतं. सेमिनारमध्ये मीच पहिल्यांदा उठले, बाबा समोसा संपवत होते.

अवकाळी काका, तुमचा प्रतिसाद मी तीनदा वाचला. माझा प्रश्न: मधल्या महिन्यांसाठी डिग्री करावी का? बी.एस्सी. एव्हिएशन म्हणतात ती, की साधी?

अवकाळी | २१ मे, रात्री ८:२५

काका नको, दादा म्हण, चौतीसचा आहे.

डिग्री कर. एअरलाइनला बारावी आणि सीपीएल पुरतं, पण मला हिंजवडीत आत घेतलं ते इंजिनिअरिंगच्या कागदावर. एव्हिएशनच्या नावाची डिग्री विमानाबाहेर फार कुणी विचारत नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. कर, काहीही कर, पण असं कर की विमानाचं नाव न काढता नोकरी मागता येईल.

शनवारातली | २१ मे, रात्री ९:०५

डिग्रीबद्दल असहमत नाही, पण पहिल्या वर्षी सगळं एकदम ओढू नकोस. नॅव्हिगेशन एकटीच खाऊन टाकते. जाडजूड पुस्तकं माझ्याकडे पडून आहेत, ने.

लोहगाव_१०_२८ | २१ मे, रात्री ९:३०

मुलीने उत्तर दिले नाही. गणवेश की विमान?

वैमानिक_व्हायचंय | २१ मे, रात्री ९:३३

विमान, सर.

सहकारनगरकर | २३ नोव्हेंबर, रात्री १०:४०

धागा वर काढतोय. बऱ्याच जणांनी व्यक्तिगत निरोपातून विचारलं, म्हणून काय झालं ते सांगतो.

क्लास टू झालं, क्लास वनही झालं. ईसीजीच्या दिवशी माझंच बीपी वाढलं होतं. पेपरांपैकी रेग्युलेशन्स आणि मेटिऑरॉलॉजी सुटले, नॅव्हिगेशनला ६६. चार टक्क्यांनी गेला. दोन दिवस घरात कुणी मोठ्याने बोललं नाही, तिसऱ्या दिवशी तीच पुस्तक घेऊन बसली. फुरसतगंजला यंदा नाव लागलं नाही, पुन्हा बसणार आहे.

दोन जागा बघून आलो. एकीसाठी महाराष्ट्र एक्स्प्रेसने थेट गोंदियाला गेलो, एक रात्र आणि वर जवळपास अख्खा दिवस. दुसरी जवळची, नाव लिहीत नाही. उजवी सीट, तुमच्या सांगण्यावरून टपरीवर बसलो. दुसऱ्या ठिकाणी ब्रोशरात अकरा विमानं, हँगरबाहेर उभी मोजली तर पाच, त्यातली तीन उडताना दिसली. चहावाल्या पोराने विचारलं, ‘ॲडमिशनला आलात का काका? गेल्या वर्षीच्या बॅचची पोरं अजून इथंच बसतात.’ ऑफिसात न जाताच परत फिरलो.

फ्लॅट अजून गहाण टाकलेला नाही. नॅव्हिगेशन सुटेपर्यंत टाकणार नाही, असं आमच्यात ठरलंय. ही अट मी नाही, तिने घातलीय. अमेरिका आणि गोंदिया दोन्ही कागदावर आहेत. कॅडेटचा एक अर्ज भरलाय, चाळणीत किती टिकते ते तिलाच बघायचंय. सौं.चा कौल गोंदियाला, कारण ‘रेल्वेने जाता येतं’. यावर विमानाच्या धाग्यात काय बोलावं मला कळत नाही.

हडपसरचं राहून गेलं.

शनवारातली, नॅव्हिगेशनच्या पुस्तकांबरोबर तो हाताने फिरवायचा गोल फ्लाइट कॉम्प्युटरही देता येईल का? रविवारी सकाळी आम्ही दोघं येतो.

शनवारातली | २३ नोव्हेंबर, रात्री ११:०२

तो पण देते, पण परत हवाय, त्यावर माझी पहिली एकटीची फेरी पेन्सिलीने लिहिलेली आहे. ६६ काही वाईट नव्हेत, मला पहिल्यांदा ५१ होते. रविवारी अकराला या. गाडी आणू नका, आमच्या बोळात लावायला जागा नाही. मेट्रोने या.